पूर-वादळाच्या काळात समाजमाध्यमांचा वापर : गोव्यातील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी असताना आपत्तीच्या वेळी समाजमाध्यमांची गरज काय?

आकाशवाणीवरील बातमीपत्र उत्तर गोव्यात मुसळधार पाऊस पडणार हे सांगू शकते, परंतु आपल्या वाड्याकडे येणारा साकव पाण्याखाली गेला आहे की नाही, हे त्याला सांगता येत नाही. ते फक्त साकवाजवळ उभा असलेला माणूस सांगू शकतो, आणि त्याचे म्हणणे पाच मिनिटांत शंभर घरांपर्यंत पोहोचवण्याचे साधन आज समाजमाध्यमांखेरीज दुसरे नाही. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोण तालुक्यात तळपण आणि गालजीबाग नद्यांच्या खोऱ्यांत अचानक पूर आला, तेव्हा स्मार्टफोन मोजक्याच लोकांच्या हाती होते. २३ जुलै २०२१ रोजी सत्तरी, डिचोली, फोंडा आणि धारबांदोडा या भागांत पाणी शिरले, तेव्हा मात्र घराघरांतून चित्रफिती निघत होत्या. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे मुख्यमंत्र्यांनी त्या वेळी सांगितले होते.

दुसरी गोष्ट अशी की हा संवाद दोन्ही बाजूंनी होतो. डिसेंबर २०१५ मधील चेन्नईच्या पुरात लोकांनी ट्विटरवर हॅशटॅग वापरून निवारा, अन्न आणि होड्या यांच्या माहितीची देवाणघेवाण केली. ऑगस्ट २०१८ मधील केरळच्या महापुरात तर स्वयंसेवक तंत्रज्ञ आणि राज्य सरकार यांनी मिळून मदतीच्या मागण्या नोंदवणारे संकेतस्थळच उभे केले आणि अडकलेल्यांची ठिकाणे बचाव पथकांपर्यंत पोहोचवली. त्या पुरात आपल्या होड्या घेऊन धावलेल्या मच्छीमारांनी हजारो लोकांना बाहेर काढले. होडी हाकणारा हात आणि पत्ता कळवणारा मोबाइल या दोन्हींची तिथे सारखीच गरज होती.

हे सारे खरे असले, तरी आमचे स्पष्ट मत असे आहे की आपत्तीच्या काळातील संदेशात स्थळ, वेळ आणि सांगणारा माणूस या तीन गोष्टी नसतील, तर तो संदेश मदत करत नाही, उलट मदत करणाऱ्यांचा वेळ खातो. पुढील बहुतेक उत्तरे याच एका मुद्द्याला धरून आहेत.

इशारा खरा आहे हे कळण्यासाठी प्रथम कोणाकडे पाहावे?

पाऊस आणि वादळ यांच्याबाबतीत भारतीय हवामान खाते, आणि आपल्यासाठी विशेषतः त्याचे पणजीतील केंद्र. हिरवा, पिवळा, केशरी आणि लाल हे रंग केवळ पावसाच्या प्रमाणाचे नसून आपण काय करावे याचे असतात : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाल्यास तो जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर झाल्यास अतिजोरदार आणि त्याहून अधिक झाल्यास अत्यंत जोरदार मानला जातो. पुढील तीन तासांचा अंदाजही हे खाते वेळोवेळी देत असते, आणि घराबाहेर पडण्यापूर्वी तोच पाहणे सर्वांत उपयोगाचे ठरते.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे अ‍ॅप त्या त्या भागापुरते अधिकृत इशारे दाखवते. विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ आहे. समुद्रातील उंच लाटांचे इशारे हैदराबादचे ‘इन्कॉइस’ हे सागरी माहिती केंद्र देते. ही साधने एकदा मोबाइलवर घेऊन ठेवली, तर ग्रुपवर येणाऱ्या प्रत्येक संदेशाची पडताळणी एका मिनिटात होते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. एक्स या माध्यमावर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, एप्रिल २०२३ पासून निळी खूण पैसे भरून मिळते. त्यामुळे नुसती निळी खूण दिसली म्हणून ते खाते सरकारी आहे असे समजू नये.

लाल इशारा आला आणि आमच्याकडे ऊनच पडले. मग अशा इशाऱ्यांवर विश्वास का ठेवावा?

इशारा संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो आणि गोव्यात समुद्रकिनारा व सह्याद्री यांच्यामध्ये फारसे अंतर नाही. कळंगुटला आभाळ मोकळे असताना चोर्ला घाटात ढग रिकामे होत असू शकतात, आणि ते पाणी काही तासांनी म्हादई आणि वाळवंटी या नद्यांमधूनच खाली येते. त्याच वेळी मांडवीत भरती असेल, तर पाण्याला समुद्राकडे जायला वाट मिळत नाही. म्हणून आपल्या दारातला पाऊस पाहून इशारा फोल ठरवणे धोक्याचे आहे, आणि ‘काही होत नाही, घाबरू नका’ असा संदेश पुढे ढकलणे त्याहून धोक्याचे आहे.

मदत हवी असल्यास संदेश कसा लिहावा?

प्रथम संदेश लिहू नये, फोन करावा. ११२ हा क्रमांक पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदतीसाठी आहे, १०८ रुग्णवाहिकेसाठी, १०७७ जिल्हा नियंत्रण कक्षासाठी आणि १०७० राज्य नियंत्रण कक्षासाठी. फोन लागत नसेल, किंवा लागून गेल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची मदत तातडीने हवी असेल, तेव्हा ग्रुपवर लिहावे.

आता संदेशाच्या मजकुराविषयी. समजा, कोणी लिहिले, ‘केरीत पाणी भरले आहे, लवकर मदत पाठवा.’ गोव्यात केरी एक नाही. सत्तरीत केरी आहे, पेडण्यात तेरेखोल नदीच्या मुखाशी केरी आहे, आणि फोंड्यातही केरी आहे. शिरोड्याचेही तसेच : एक फोंडा तालुक्यात, दुसरे सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याकडे. हा संदेश चार ग्रुप फिरून म्हापशातल्या किंवा मडगावातल्या स्वयंसेवकाच्या हाती पडेपर्यंत मूळ पाठवणाऱ्याचे नाव गळून गेलेले असते, आणि होडी कोणत्या दिशेला न्यायची हे कोणालाच सांगता येत नाही.

तोच संदेश असा लिहिता येईल : ‘केरी, तालुका सत्तरी. देवळाच्या मागील वाडा, पिंपळाजवळचे कौलारू घर. चार माणसे, त्यांपैकी एक आजी अंथरुणाला खिळलेल्या. पाणी ओट्यापर्यंत आले आहे. रस्त्याने गाडी येत नाही. आज सायंकाळी ५.२० वाजता लिहिले.’ याखाली पाठवणाऱ्याचे नाव आणि संपर्क द्यावा, आणि शक्य असल्यास व्हॉट्सअ‍ॅपवरून ठिकाणाची खूण जोडावी. आमच्याकडे घरांचे पत्ते वाडा, देऊळ, कपेल, तिठा यांवरूनच ओळखले जातात. त्यामुळे नकाशावरील खूण आणि गावातील ओळखीची खूण ही दोन्ही दिल्यास स्थानिक माणूस आणि बाहेरचे पथक या दोघांचीही सोय होते.

वेळ लिहिण्याचे महत्त्व सहसा लक्षात येत नाही. संदेश पुढे पाठवला की त्यावर नव्या वेळेची नोंद दिसते, मूळ वेळेची नाही. सकाळचा संदेश रात्री ताजा म्हणून फिरतो आणि पथक अशा घरी पोहोचते, जिथली माणसे दुपारीच बाहेर काढलेली असतात. तेवढ्या वेळात दुसरीकडे कोणी पाण्यात वाट पाहत असते.

खोटी किंवा जुनी चित्रफीत कशी ओळखावी?

आपत्तीत फिरणाऱ्या खोट्या मजकुराचा मोठा भाग बनावट नसतो, तर जुना किंवा दुसरीकडचा असतो. साखळीच्या बाजारपेठेत वाळवंटीचे पाणी शिरण्याचे प्रसंग अनेक वर्षे घडले आहेत. त्यांपैकी कोणत्याही वर्षाची चित्रफीत ‘आत्ताची’ म्हणून आली, तर बाजाराचे दृश्य खरेच असल्याने पाहणारा शंका घेत नाही. अशा वेळी दृश्यातील बारीकसारीक तपशील पाहावेत : दुकानांच्या पाट्या, उभ्या गाड्या, नवे बांधकाम, अर्धवट दिसणारा निवडणुकीचा किंवा जत्रेचा फलक. चित्रफीत थांबवून एका चौकटीचे छायाचित्र घ्यावे आणि गूगल लेन्समध्ये शोधावे. पूर्वी कुठे प्रसिद्ध झाले असल्यास ते बऱ्याचदा सापडते. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या छायाचित्राच्या रूपात पाठवलेल्या फोटोतून तो कधी व कुठे काढला याची मूळ नोंद निघून जाते, म्हणून फाइलच्या तारखेवर विसंबू नये.

धरणांविषयीच्या अफवा सर्वांत घातक, कारण त्या ऐकून लोक रात्री-अपरात्री मुलाबाळांसह रस्त्यावर येतात. केरळच्या २०१८ मधील पुरात मुल्लपेरियार धरण फुटल्याची खोटी ध्वनिफीत फिरली आणि आधीच भेदरलेल्या लोकांमध्ये घबराट पसरली. आपल्याकडे साळावली धरण भरले की त्याच्या गोलाकार सांडव्यातून पाणी गर्जत खाली कोसळते. ते पाहायला लोक मुद्दाम जातात आणि ते धरण सुस्थितीत असल्याचेच लक्षण आहे. तेच दृश्य भलत्या मथळ्याने आले, तर सांगे-केपे भागाबाहेरच्या माणसाला ते ओळखता येणार नाही. तिळारी आणि अंजुणे या धरणांतून पाणी सोडण्यापूर्वी प्रशासनाकडून नदीकाठच्या गावांना सूचना दिली जाते. तिळारीचे पाणी वाढले की साळ, इब्रामपूर, हणखणे, चांदेल या गावांनी सावध व्हायचे असते. या सूचनेत वेळ आणि गावांची नावे असतात. ‘धरणाचे दरवाजे उघडले, सर्वांनी पळा’ एवढाच मजकूर असेल आणि खाली कोणत्याही कार्यालयाचे नाव नसेल, तर तो पुढे न पाठवता नियंत्रण कक्षाला फोन करून विचारावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली चित्रे ही नवी अडचण आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत हेलीन चक्रीवादळानंतर होडीत बसून रडणारी मुलगी आणि तिच्या कुशीतले कुत्र्याचे पिल्लू असे चित्र लाखो लोकांनी खरे मानले. ते यंत्राने बनवलेले होते. एखादे दृश्य पाहताक्षणी गलबलून येत असेल, तर त्याच क्षणी ते पुढे पाठवण्याचा मोह आवरून ते कोणी, कुठे आणि कधी टिपले हे शोधावे.

चुकीचा संदेश केवळ पुढे पाठवला तरी गुन्हा होतो का?

होऊ शकतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीविषयी किंवा तिच्या तीव्रतेविषयी खोटा इशारा देणाऱ्या अथवा पसरवणाऱ्या आणि त्यायोगे घबराट निर्माण करणाऱ्या व्यक्तीस एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. कायद्यात ‘पसरवणे’ स्पष्टपणे आलेले असल्याने ‘मला जसे आले तसे मी पाठवले’ एवढे म्हणून सुटका होईलच असे नाही. २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात संदेश पुढे पाठवण्यावर एकाच वेळी पाच ठिकाणांपुरती मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. संदेशावर दुहेरी बाणाची खूण दिसली, तर तो अनेक हातांतून आला आहे आणि त्याचा मूळ लेखक आपल्या ओळखीचा असण्याची शक्यता कमी आहे, हे ध्यानात घ्यावे.

गावाचा किंवा वाड्याचा आपत्ती ग्रुप कसा चालवावा?

तो पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात तयार करावा. पाणी चढू लागल्यावर केलेल्या ग्रुपात एकमेकांना जोडण्यातच तास जातो. शुभप्रभातचे संदेश, जाहिराती आणि राजकीय वाद जिथे रोज चालतात, तो ग्रुप या कामाचा नाही, कारण लोकांनी त्याचा आवाज आधीच बंद केलेला असतो. दोन ग्रुप ठेवणे अधिक बरे : एकात फक्त अ‍ॅडमिन लिहितील आणि तिथे केवळ पडताळलेल्या सूचना येतील; दुसऱ्यात सगळ्यांना लिहिता येईल.

अ‍ॅडमिन एकच असू नये. पंच, अंगणवाडी सेविका, दुकानदार, बसचालक, पाणीपुरवठ्याचे काम पाहणारा कर्मचारी अशा वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या ठिकाणी असणाऱ्या चार-पाच माणसांकडे ही जबाबदारी असावी, म्हणजे एकाचा मोबाइल बंद पडला तरी काम थांबत नाही. वाड्यात एकटी राहणारी वृद्ध माणसे, गरोदर स्त्रिया, डायलिसिसवर असलेले रुग्ण आणि होडी किंवा जीप असलेली घरे यांची यादी अ‍ॅडमिनांकडे असावी, पण ती ग्रुपवर टाकू नये. कोण एकटे राहते आणि कोणाचे घर रिकामे आहे ही माहिती कोणाच्याही हाती पडणे इष्ट नाही.

खाजन शेती, म्हणजे भरतीचे खारे पाणी बांधाने अडवून केलेली शेती, असलेल्या गावांत या ग्रुपाचा आणखी एक मोठा उपयोग आहे. बांधाला भगदाड पडले किंवा मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडण्याच्या जागेची, दारे अडकली, तर भरतीपूर्वीचे काही तासच हाती असतात. ‘बांध फुटतोय’ या दोन शब्दांपेक्षा बांधाचा कोणता भाग, भगदाड किती हात रुंद आणि पुढची भरती किती वाजता, एवढे सांगणारा संदेश आला, तर माणसे माती-दगड घेऊन नेमक्या जागी पोहोचतात. आमच्या मते गोव्यासाठी समाजमाध्यमांचा याहून अधिक आपला असा उपयोग दुसरा नाही.

वीज आणि नेटवर्क दोन्ही गेल्यास काय करावे?

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा हजारो झाडे आणि विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. मोबाइलच्या मनोऱ्यांनाही वीज लागते आणि त्यांच्या बॅटऱ्या काही तासांत संपतात. म्हणून समाजमाध्यमांवर पूर्णपणे विसंबलेली योजना ही योजनाच नव्हे.

नेटवर्क अंधुक असेल, तर चित्रफीत पाठवू नये आणि व्हिडिओ कॉल तर मुळीच करू नये. साधा एसएमएस कमी सिग्नलवरही बऱ्याचदा जातो. मोबाइलची चमक कमी करावी, ठिकाण सतत तपासणारी अ‍ॅप बंद करावीत आणि घरातील सर्व मोबाइल एकाच वेळी न वापरता एक बंद करून राखून ठेवावा. २०२३ मध्ये देशभर अनेकांच्या मोबाइलवर मोठ्या आवाजात चाचणी संदेश वाजला होता, तो सेल ब्रॉडकास्ट पद्धतीचा होता. ही पद्धत मनोऱ्याच्या कक्षेतील सर्व मोबाइलना एकदम संदेश देते आणि कॉलची गर्दी झाली तरी अडत नाही, त्यामुळे मोबाइलमधील हे इशारे बंद करून ठेवू नयेत. बॅटरीवर चालणारा रेडिओ घरात असावा. आणि ज्या वाड्यात काहीच चालत नाही तिथे पंचायतीची ध्वनिक्षेपक लावलेली गाडी, देवळाची किंवा कपेलाची घंटा आणि दारोदार जाणारी दोन तरुण मुले, हीच खरी यंत्रणा असते. ती कोण राबवणार हे आधी ठरलेले असावे.

संदेश कोणत्या भाषेत लिहावेत?

ऐकणारा कोण आहे ते पाहून. गावाच्या ग्रुपवर मराठी किंवा कोकणी पुरेशी आहे, परंतु औद्योगिक वसाहतींभोवती आणि बांधकामांवर राहणारे कामगार, तसेच किनाऱ्यावरचे पर्यटक यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही. त्यांच्यासाठी हिंदीत आणि इंग्रजीत दोन-तीन सोप्या ओळी तयार ठेवाव्यात. वाचता न येणाऱ्यांसाठी ध्वनिसंदेश उत्तम, मात्र त्याच्या सुरुवातीलाच तारीख, वेळ आणि आपले नाव बोलावे.

समुद्रात गेलेल्या मच्छीमारांना याचा काय उपयोग?

किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मोबाइलचे नेटवर्क राहत नाही, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपचा उपयोग मुख्यतः जेटी सोडण्यापूर्वी आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पण ओखी आणि क्यार ही वादळे अनुक्रमे डिसेंबर २०१७ आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये, म्हणजे ऐन हंगामात आली. मालीम, कुटबण, वास्को येथील मंडळींनी निघण्यापूर्वी इन्कॉइस आणि हवामान खात्याचा इशारा पाहावा, आणि समुद्रात असलेल्या ट्रॉलरशी व्हीएचएफ या बिनतारी रेडिओवरून संपर्क ठेवावा. समुद्रातील बचावासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.

मदतनिधीसाठी पैसे मागणारे संदेश येतात. ते खरे कसे समजावेत?

क्यूआर कोड किंवा यूपीआय ओळख संदेशातून घेऊन पैसे पाठवू नयेत. २०२० मध्ये पीएम केअर्स निधीच्या यूपीआय ओळखीशी एका अक्षराच्या फरकाने मिळतीजुळती बनावट ओळख तयार झाली होती. निधीचे नाव अधिकृत संकेतस्थळावर स्वतः शोधावे, किंवा आपल्या ओळखीच्या संस्थेला थेट वस्तू द्याव्यात, आणि त्याआधी कोणत्या वस्तू हव्या आहेत ते विचारावे.

पुराची चित्रफीत काढून ती समाजमाध्यमांवर टाकण्यात गैर काय?

रस्ता बंद असल्याचे दाखवणारी, स्थळ-वेळ सांगणारी चित्रफीत उपयोगाचीच आहे. परंतु भिजलेल्या कपड्यांत उभी असलेली स्त्री, रडणारे मूल किंवा मृतदेह यांचे चित्रण करून पसरवणे ही त्या कुटुंबाची विटंबना आहे, आणि आपल्या माणसाचा मृत्यू ग्रुपवरून कळण्यासारखे दुःख नाही. दुसरा धोका गर्दीचा. नदीने पातळी ओलांडल्याचे चित्रण पाहून लोक पुलावर पाहायला येतात आणि रुग्णवाहिकेची वाट अडते. जुलै २०२४ मध्ये सत्तरीतील पाली धबधब्यावर सहलीला गेलेले अनेक लोक ओढ्याचे पाणी वाढल्याने अडकले आणि त्यांना बाहेर काढावे लागले. अशा ठिकाणांची मोहक चित्रणे ऐन पावसात टाकताना तिथला धोका न सांगणे हेही बेजबाबदारपणाचेच आहे.

पाणी ओसरल्यावर ग्रुपचे काम संपते का?

नाही. चिखल काढण्यापूर्वी घराची, भिंतीवरील पाण्याच्या रेषेची, भिजलेल्या धान्याची आणि पडलेल्या झाडांची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत, म्हणजे तलाठी पंचनाम्याला आल्यावर आणि पुढे मामलेदार कार्यालयात भरपाईचा अर्ज करताना ती दाखवता येतात. ती ग्रुपवर टाकून तिथेच सोडू नयेत, कारण मोबाइलमधील जागा भरली की प्रथम तीच पुसली जातात. विहिरीचे पाणी पिण्याजोगे आहे का, कुठे तुटलेली विजेची तार पडली आहे, कोणत्या घरात साप आढळला, अशा सूचना पुढील आठवडाभर येत राहतात आणि त्याही स्थळ व वेळ लिहूनच द्याव्यात.

सर्वांत दुर्लक्षित काम जुन्या मागण्या बंद करण्याचे. ज्याने मदत मागितली होती, त्याने मदत मिळताच त्याच संदेशाला उत्तर म्हणून ‘मदत मिळाली, आता कोणी येऊ नये’ असे वेळेसह लिहावे, आणि ज्या ज्या ग्रुपवर आपण तो संदेश पाठवला, तिथे तिथे हे उत्तरही पाठवावे. मूळ संदेश आपल्याकडून काढता येत असेल, तर काढून टाकावा. अ‍ॅडमिनांनी दिवसातून दोनदा उरलेल्या मागण्यांची यादी नव्याने लिहून टाकावी आणि तिच्यावर ‘यापूर्वीची यादी रद्द’ असे नमूद करावे.